फ्रीझर नीट थंड होत नाहीये? "गॅस संपला" म्हणायच्या आधी हे सगळं क्रमाने बघून घ्या

आइस्क्रीम डब्यातून काढताना चमचा सरळ आत जायला लागला, मटारचे दाणे एकमेकांना चिकटून गोळा झाले, किंवा बर्फाच्या ट्रेला वरून पापुद्रा आणि खाली पाणी, की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, गॅस संपला वाटतं. मी रत्नागिरीत फ्रिज दुरुस्तीची कामं करतो आणि हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात ऐकतो. पण फ्रिजमधला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही हो. तो बंद पाइपात गोल गोल फिरत असतो, कॉम्प्रेसर (मागे खाली बसवलेला पंप) ढकलतो, मागची किंवा बाजूची कॉइल, म्हणजे वेटोळा पाइप, उष्णता बाहेर टाकते, आतली कॉइल थंड होते, आणि तोच गॅस परत कॉम्प्रेसरकडे येतो. पाइपाला कुठे भोक पडलं नाही तर तोच गॅस पंधरा-वीस वर्षंसुद्धा चालतो. आणि गॅस कमी झालाच असेल तर लीक आहे, लीक न शोधता नुसता गॅस भरला तर पैसे पाण्यात. म्हणून गॅसचा नंबर सगळ्यात शेवटी येतो, त्याच्या आधी बघायच्या बऱ्याच गोष्टी आहेत आणि त्यातल्या निम्म्या तर तुम्हाला घरच्या घरी, एकही स्क्रू न उघडता बघता येतात.

आधी नेमकं किती थंड आहे ते मोजा

बर्फ होतोय म्हणजे फ्रीझर चांगला, असं धरून चालू नका. पाणी शून्य डिग्रीला गोठतं, पण मासे, मटण, मटार, आमरस महिनोन्महिने टिकवायचा असेल तर आत उणे १८ डिग्री लागतं. म्हणजे उणे ६ ला अडकलेला फ्रीझर तुम्हाला बर्फ करून देईल आणि तरी आतली सुरमई हळूहळू खराब होत राहील. तारेला बारीक सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर स्वस्तात मिळतो, तो आणा. (तापाचा थर्मामीटर चालत नाही, त्याचे आकडे ३५ च्या आसपासच सुरू होतात.) सेन्सर दोन गोठलेल्या पाकिटांच्या मधे खुपसून ठेवा, नुसत्या हवेत लटकवू नका कारण दार उघडलं की हवेचा आकडा लगेच उड्या मारतो. रात्री ठेवा, सकाळी दार उघडायच्या आधी बाहेरच्या डिस्प्लेवर आकडा वाचा. उणे १८ च्या जवळपास असेल तर फ्रीझर ठीक आहे. उणे १० किंवा त्याहून वर असेल तर काहीतरी नक्की बिघडलंय. मधलाच आकडा असेल तर बहुतेक वेळा खालच्या साध्या कारणांपैकी एखादं निघतं.

खालच्या फ्रिजचंही मोजून घ्या, तिथे २ ते ५ डिग्री पाहिजे. हा दुसरा आकडा फार कामाचा आहे, पुढे कळेल का ते.

तुमचा फ्रिज कुठल्या जातीचा ते बघा

सिंगल डोअर असेल तर बहुतेक डायरेक्ट कूल. वर ॲल्युमिनियमचा छोटा खण, त्याच्या भिंतीवरच बर्फ जमतो, आणि नॉबच्या मधे डिफ्रॉस्टचं बटण. डबल डोअर असेल तर बहुतेक फ्रॉस्ट फ्री. ह्यात कॉइल दिसत नाही, ती फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिक पॅनलच्या आड असते आणि एक पंखा तिथली गार हवा फ्रीझरमध्ये आणि खाली फ्रिजमध्ये ढकलतो. दोघांची दुखणी वेगळी. डायरेक्ट कूलच्या भिंतीवर बर्फाचा पातळ थर येणारच, फ्रॉस्ट फ्रीच्या पॅनलवर बर्फ दिसला तर ते लक्षण आहे.

आता सेटिंग. हसू नका, ह्यातच कितीतरी कॉल सुटतात. डायरेक्ट कूलमध्ये डिफ्रॉस्टचं बटण दाबलं गेलं की कॉइल गरम होईपर्यंत कॉम्प्रेसर लागतच नाही, आणि बटण जुनं असलं तर आत अडकूनच बसतं. नॉब थोडा मागेपुढे फिरवून बटण बाहेर आलंय ना ते बघा. नॉबवर आकडा मोठा म्हणजे थंडावा जास्त, कमी नाही, बरेच लोक उलटं समजतात. डबल डोअरला बहुतेक दोन नॉब असतात, एक कॉम्प्रेसर चालवतो आणि दुसरा फक्त हवा वर किती ठेवायची आणि खाली किती सोडायची ते ठरवतो. कुठला कुठे ते मॉडेलप्रमाणे बदलतं, मॅन्युअल काढून वाचा. नवीन कन्व्हर्टिबल फ्रिज असेल तर तर नक्कीच बघा, त्यात फ्रीझरलाच फ्रिज करून टाकायचा मोड असतो, साफसफाई करताना किंवा लहान मुलाच्या हाताने तो लागतो आणि मग फ्रीझर इमानेइतबारे ३-४ डिग्री धरून बसतो. शोरूममधून आलेल्या पीसवर कधी कधी डेमो मोड चालू राहिलेला असतो, लाइट लागतात, आकडे दिसतात, थंडावा शून्य.

निफाड-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत अजून एक गंमत होते. काही डबल डोअरमध्ये तापमान ओळखणारा भाग एकच, तोही खालच्या फ्रिजमध्ये असतो. किचनच गार पडलं की खालचा फ्रिज समाधानी, कॉम्प्रेसर फार चालतच नाही, आणि वरचा फ्रीझर मऊ पडतो. तेव्हा हवेचा नॉब फ्रीझरच्या बाजूला वळवायचा.

हवा, जागा आणि लोड

कोकणात १ जूनला यांत्रिक बोटी बंद होतात, त्यामुळे मे संपता संपता लोक फ्रीझर माशांनी भरून टाकतात. त्यातच आमरसाचे डबे. आणि मग फोन, फ्रीझर अचानक बिघडला. बिघडलेला नसतो. ३० डिग्रीचं एक किलो पाणी शून्यावर आणायला जेवढी उष्णता काढावी लागते, त्याच्या अडीचपटीहून जास्त उष्णता त्याच शून्यावरच्या पाण्याचं बर्फ करायला काढावी लागते. माशात, रसात बहुतेक पाणीच. सहा-सात किलो माल एकदम कोंबला तर घरगुती फ्रीझरला दीड-दोन दिवस लागू शकतात, आणि तोवर आधीचा गोठलेला मालही मऊ पडतो. थोडं थोडं ठेवा, पसरट पाकिटं करा, आधी खालच्या फ्रिजमध्ये गार करून मग वर टाका.

फ्रॉस्ट फ्रीमध्ये पॅनलवरच्या जाळ्या मोकळ्या पाहिजेत. पिशवी जाळीला टेकून बसली की पंखा फिरतो पण हवा फिरत नाही. मागच्या भिंतीपासून चार बोटं जागा सोडा आणि वरपर्यंत ठासून भरू नका.

बाहेरची बाजू. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, तिला जायला जागा पाहिजे. मागे आणि बाजूला निदान चार इंच ठेवा, फर्निचरच्या कपाटात कोंबून बसवलेला फ्रिज एप्रिल-मेमध्ये हमखास रडतो. जुन्या फ्रिजला मागे काळी जाळी असते, तिच्यावर तेलकट धूळ बसते, प्लग काढून मऊ ब्रशने झाडा. नव्या फ्रिजमध्ये ती कॉइल बाजूच्या पत्र्याच्या आत असते, म्हणून पत्रा हाताला चांगलाच गरम लागतो. तो गरम लागणं चांगलं लक्षण आहे, घाबरू नका, त्याच्यावर टॉवेल-कव्हर मात्र टाकू नका.

व्होल्टेज विसरू नका. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट पाहिजेत, गावात संध्याकाळी सगळ्यांचे पंप, मिक्सर, एसी लागले की बरेच खाली येतात, आणि १८० च्या खाली गेलं की साध्या कॉम्प्रेसरला सुरू होणंच जड जातं. प्लगमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो लावून संध्याकाळी सात ते दहा बघा. एक्स्टेन्शन बोर्डवर फ्रिज लावू नका, सरळ भिंतीच्या सॉकेटला लावा.

दाराचं रबर

दहाची नोट घ्या, रबर आणि बॉडीच्या मधे धरून दार बंद करा, आता नोट ओढा. घट्ट ओढून निघाली पाहिजे. सुळकन निघाली तर तिथे फट आहे. असं चारी बाजूंनी करा, बिजागरीच्या बाजूला खास, कारण तिथलं रबर आधी दबतं आणि समोरून दिसत नाही. कोकणातल्या दमट हवेत फट असली की बाहेरची वाफ आत जाते आणि त्या जागेभोवती दाराजवळच बर्फ साठतो. फ्रीझरच्या तोंडाशी बर्फ आणि मागे कमी, तर रबरवर संशय घ्या.

रबर लगेच बदलायला जाऊ नका. कोमट साबणाच्या पाण्याने घड्यांमधला चिकटा, काळी बुरशी साफ करा, पुसा. दबलं असेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं त्या जागेवर धरून ठेवा, बोटाने खेचून आकार द्या आणि दार बंद करून ठेवा. रबर फाटलंय किंवा आतलं चुंबक गेलंय तर मात्र बदलणंच बरं. फ्रिजचे पुढचे पाय मागच्यापेक्षा किंचित वर ठेवा म्हणजे दार आपोआप मिटतं.

आणि दाराचा स्विच. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून फ्रिजमध्ये ठेवा, दार बंद करा, अर्ध्या मिनिटाने काढून बघा. दार मिटल्यावर अंधार झाला का? दिवा चालूच असेल तर स्विच गेलाय. बऱ्याच फ्रॉस्ट फ्रीमध्ये दार उघडं आहे असं समजून पंखाही बंद राहतो, म्हणजे एका छोट्या स्विचपायी सगळा फ्रीझर गरम.

आता कान लावा

फ्रॉस्ट फ्रीमध्ये कॉम्प्रेसर चालू असताना दार उघडून स्विच बोटाने दाबून धरा. फ्रीझरच्या मागून पंख्याचा आवाज यायला पाहिजे, जाळीवर हात धरलात तर हवा लागायला पाहिजे. काही वेळा फ्रिज डिफ्रॉस्टमध्ये असतो आणि पंखा मुद्दाम बंद असतो, म्हणून अर्ध्या तासाने परत बघा. खरखर, टकटक आवाज असेल तर पात्यांना बर्फ घासतोय. आवाजच नाही तर पंख्याची मोटर किंवा तिची वायर. मोटर बदलणं मोठं काम नाही आणि गॅसच्या कामापुढे पैसेही कमी लागतात.

मग फ्रिजच्या मागे खाली कान लावा. कॉम्प्रेसर सलग मंद घूं करत असेल तर चालतोय. आवाज काहीच नाही आणि आतला दिवा लागतोय, तर थर्मोस्टॅट, सेन्सर, बोर्ड ह्यांच्याकडे बघायला लागेल. आणि तिसरा प्रकार, घूंss असा पाच-दहा सेकंद जोर लावल्याचा आवाज, मग टक्, मग शांत, आणि काही मिनिटांनी परत तेच. हा कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि ओव्हरलोड (जास्त करंट गेला की वीज तोडणारा छोटा स्विच) त्याला तोडतोय. कारण कमी व्होल्टेज, कॉम्प्रेसरला सुरू करून देणारा रिले किंवा कॅपॅसिटर गेलेला, आणि सगळ्यात शेवटी जाम झालेला कॉम्प्रेसर. रिले स्वस्त पार्ट आहे, तो बघितल्याशिवाय कोणी कॉम्प्रेसर बदला म्हणत असेल तर थांबवा. असा टक् टक् करणारा फ्रिज मात्र चालू ठेवू नका, प्लग काढा, कॉम्प्रेसरची वायंडिंग जळते. वीज जाऊन लगेच आली तेव्हाही हेच होतं, आतला दाब समान व्हायला चार-पाच मिनिटं द्या.

सगळ्यात महत्त्वाचं: बर्फ कसा पडलाय ते बघा

फ्रॉस्ट फ्रीवाल्यांनी हा भाग नीट वाचा. मघाशी दोन आकडे घ्यायला सांगितले ते ह्यासाठी. वरचा फ्रीझर बरा आहे, थोडासाच मऊ, पण खालचा फ्रिज १२-१५ डिग्रीवर गेलाय, दूध नासतंय, असं असेल तर बहुतेक डिफ्रॉस्ट बंद पडलंय. कॉइलवर बर्फ साठतच असतो, तो वितळवायला कॉम्प्रेसर काही तास चालला की कॉइलखालचा हीटर वीस-तीस मिनिटं लागतो आणि पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये जातं. हे चक्र थांबलं की कॉइलच्या पत्र्यांमधल्या फटी बर्फाने बुजतात आणि पंखा कितीही फिरला तरी हवा जाणार कुठून. आधी खालचा फ्रिज मरतो, मग फ्रीझर.

खात्री करायची तर पॅनल न उघडताही होते. फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी टाकून पूर्ण २४ तास ठेवा, खाली जुने टॉवेल पसरा. आतून टोपभर गरम पाणी ठेवलं तर लवकर होतं. सुरी, स्क्रूड्रायव्हर, उलथनं, काहीही घेऊन बर्फ खरवडू नका. सिंगल डोअरच्या ॲल्युमिनियमच्या खणाला सुरीने पडलेली भोकं मी इतकी बघितली आहेत की प्रत्येक घरात हे हात जोडून सांगतो, तिथे पत्र्याच्या आतच गॅसची वाट असते, एक टोचा आणि फुस्स, मग अख्खा खणच बदला. आता फ्रिज चालू करा. आठवडा-दोन आठवडे मस्त चालला आणि परत तेच रडगाणं सुरू झालं, तर गॅस एकदम बरोबर आहे आणि दोष डिफ्रॉस्टमध्ये आहे, हे तुमच्या हातात पक्कं झालं. मेकॅनिकला हेच वाक्य सांगा.

त्या डिफ्रॉस्टमध्ये चार गोष्टी असतात, टायमर किंवा बोर्ड, हीटर, बायमेटल (थंडीत जुळणारा, गरम झाला की तुटणारा स्विच) आणि थर्मल फ्यूज (फार तापलं तर वीज तोडणारा). मल्टिमीटर वापरता येत असेल तर प्लग काढून हीटर आणि फ्यूज तपासा, दोघांनीही कंटिन्यूटी, म्हणजे तार आतून अखंड असल्याचं, दाखवलं पाहिजे. बायमेटल मात्र गरम असताना ओपन, म्हणजे तुटलेलाच, दाखवतो, तो थंडीतच जुळतो. त्यामुळे टेबलावर ठेवून तपासला आणि गेला म्हणून फेकला असं करू नका, आधी बर्फात ठेवून मग बघा. मल्टिमीटरची सवय नसेल तर इथे हात घालू नका, ओलं आणि २३० व्होल्ट एकत्र आहेत.

फ्रीझरच्या तळाशी बर्फाची लादी आणि खाली फ्रिजमध्ये पाणी टपकतंय, तर पाणी जायची नळी चोक झाली असेल. कोमट पाणी हळूहळू ओता, सुटते.

आता कॉइलच बघायची असेल तर प्लग काढून पॅनलचे स्क्रू खोला, सावकाश, मागे पंख्याची आणि सेन्सरची वायर असते, ओढू नका. सगळ्या कॉइलवर सारखा पातळ पांढरा थर असेल तर गॅस व्यवस्थित. अख्खी कॉइल बर्फाच्या ठोकळ्यात गाडली गेली असेल तर डिफ्रॉस्ट. आणि फक्त पहिल्या एक-दोन वेटोळ्यांवर बर्फ, तोही कधी कधी जाड गोळ्यासारखा, पुढे पाइप नुसता ओलसर किंवा कोरडा, पत्रे उघडे, बोट लावलं तर जेमतेम गार, तर तेव्हा गॅस कमी आहे. सोबत कॉम्प्रेसर सतत चालणार, स्वतः चटका बसेल इतका गरम, आणि मागची जाळी किंवा बाजूचा पत्रा मात्र थंडच. ह्या तिन्ही खुणा जुळल्या की गॅसचं नाव घ्यायचं. फ्रिज बंद ठेवून चालू केला की काही तास चांगला आणि मग थंडावा परत बंद, असं होत असेल तर पाइपात ओलावा शिरून कॅपिलरीच्या (गॅस आतल्या कॉइलमध्ये सोडणाऱ्या केसासारख्या बारीक नळीच्या) तोंडाशी बर्फ धरतोय. आणि कॉम्प्रेसरच दाब तयार करत नसेल तरीही लक्षणं गॅससारखीच दिसतात, तो फरक दाब मोजायचा गेज लावल्याशिवाय कळत नाही, ते मेकॅनिकचं काम.

गॅसचंच काम निघालं तर

फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ किंवा आतल्या बाजूला लेबल असतं, त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. नव्यात बहुतेक आर ६००ए, थोड्या जुन्यात आर १३४ए. जो लिहिलाय तोच भरायचा, ६००ए च्या कॉम्प्रेसरला १३४ए घालून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. आर ६००ए म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा गॅस, तो सिस्टिममध्ये असताना ज्योत लावून पाइप तोडणारा माणूस घरात नको. आत गळाल्याचा संशय असेल तर खिडक्या उघडा आणि स्विचशी खेळू नका.

काम कसं व्हायला पाहिजे ते ऐका. आधी नायट्रोजनचा दाब देऊन लीक शोधायचं. समुद्राकाठी खारी हवा असते, त्यामुळे मागची जाळी आणि खालचे सांधे गंजून तिथे बारीक भोकं पडतात, आधी तिथे साबणाचा फेस लावून बघायचा. लीक बंद करायचं, ड्रायर (पाइपातला ओलावा शोषणारा फिल्टर) नवीन टाकायचा, व्हॅक्यूम पंप लावून हवा आणि ओलावा पूर्ण ओढून काढायचा, आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस. ६००ए बहुतेक घरगुती फ्रिजात शंभर ग्रॅमच्याही आत असतो, तिथे दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फरक पडतो, अंदाजाने भरून चालत नाही. मेकॅनिक आला की तुम्ही तीनच गोष्टी विचारा: लीक कुठे सापडलं, ड्रायर बदलणार का, व्हॅक्यूम पंप आणलाय का. वीस मिनिटांत बाटली लावून गॅस मारून निघाला तर दोन-तीन महिन्यांत परत बोलवायला लागणार. बिल घ्या, त्यावर कामाची वॉरंटी लिहून घ्या, जुना पार्ट मागून घ्या. कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी असली तरी त्यात गॅस आणि मजुरी धरलेली असतेच असं नाही, कार्ड वाचा. कंपनीचं सर्व्हिस सेंटर दाद देत नसेल तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

सिंगल डोअरचा खण आतून लीक असेल आणि फ्रिज बारा-पंधरा वर्षांचा असेल तर मी स्वतः गिऱ्हाइकाला खर्च करू नका सांगतो. पंखा, रिले, टायमर, हीटर ह्यांसाठी मात्र चांगला फ्रिज भंगारात देऊ नका.

तोपर्यंत आतल्या मालाचं काय

दार उघडू नका. गच्च भरलेला फ्रीझर दार बंद ठेवलं तर साधारण ४८ तास माल गोठलेला ठेवतो, अर्धा भरलेला २४ तास. पाकिटात अजून बर्फाचे कण आहेत तर परत गोठवलं तरी चालतं, चव-पोत थोडा जाईल. पूर्ण वितळून खोलीच्या तापमानाला आलेले मासे-मटण वास बरा आहे म्हणून ठेवू नका, टाकून द्या. नुसतं वितळलंय पण अजून फ्रिजइतकं गार आहे तर त्याच दिवशी शिजवा.

ज्यांच्याकडे लाइट वारंवार जाते किंवा जे घर बंद करून गावाला जातात त्यांनी फ्रीझरमध्ये एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवावं. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. नाणं तळाशी जाऊन वर परत बर्फ झाला असेल तर मधे सगळं वितळलं होतं, फ्रीझर आत्ता कितीही कडक दिसला तरी तो माल खाऊ नका.